घरूनच्या नोकरीतला गळीत हंगाम

दिवाळीचे दिवे उतरले की आठ-पंधरा दिवसांत आमच्या भागाचा वास बदलतो. कारखान्याचा बॉयलर पेटतो आणि वारा फिरेल तसा मळीचा आंबूस, गोडसर वास घराघरांत शिरतो. सुरुवातीला तो नाकाला झोंबतो. मग सवय होते, आणि फाल्गुनात ऊस संपून, पट्टा पडून कारखाना थांबला की काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं.

यंदाही बॉयलर पेटला. परवा आई दोरीवरचे कपडे काढता काढता म्हणाली, "पडाया लागली बघ काजळी." कुणीतरी पाचट पेटवलं होतं. जळक्या पातीचे काळे, हलके तुकडे हवेत तरंगत येतात, हात लावला की त्यांची रेघ होते. मी खिडकी लावून घेतली, टेबलावरची काजळी फुंकली आणि लॅपटॉपचं झाकण उघडलं. तेवढ्यात काही वर्षांपूर्वीचा एक सगळा हंगाम अंगात भरून आल्यासारखा झाला. खांदे आपोआप खाली आले. माणसाचं अंग वासावरूनसुद्धा दमतं, हे मला परवा कळलं.

तेव्हा मी एका लहानशा कंपनीत होते. लहानशी म्हणजे पाच माणसांची. तिला ऑफिस नव्हतं, पाटी नव्हती. निखिलनं ती काढली होती; तो मूळचा नाशिकचा, राहायला बंगळुरूला. एक मुलगी कोचीची, एक जण इंदूरचा. सागर लोणी भापकरचा आणि मी शेळगावची. सागर आणि मी एकाच जिल्ह्यातले, शेजारच्या तालुक्यांतले; पण दोन वर्षं रोज एकत्र काम करूनही आम्ही एकमेकांना खांद्याच्या खाली पाहिलेलं नव्हतं.

काम साधं होतं. छोट्या गावांतल्या दवाखान्यांसाठी आम्ही एक सॉफ्टवेअर चालवायचो. पेशंटला घरूनच नंबर लावता यावा, तारखेच्या आदल्या दिवशी त्याच्या मोबाइलवर आठवण जावी, एवढंच. दवाखान्यांशी बोलायचं काम माझं. डॉक्टरांच्या बायका, कंपाउंडर, कधी स्वतः डॉक्टर फोन करायचे. कुणाचा मेसेज गेलेला नसायचा, कुणाचा दोनदा गेलेला असायचा. मी ऐकून घ्यायचे, समजूत घालायचे आणि सागरला सांगायचे. सागर दुरुस्त करायचा. तो सहसा "करतो" एवढंच म्हणायचा, आणि खरंच करायचा.

पुणं सोडून गावी येऊन हे काम धरलं तेव्हा मला वाटलं होतं, आपण जिंकलो. पुण्यातली भाड्याची खोली सुटली, आईच्या हातची भाकरी मिळाली, माडीवरच्या खिडकीतून ऊस दिसायला लागला. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कौतुक होतं. पारावर कुणी विचारलं की सांगायचे, "पोरगी कंपनीत हाय."

"कुठल्या?"

"हितंच. माडीवर."

ऐकणारा हसायचा. आबाही हसायचे. पण त्यांच्या हसण्यात अभिमान असायचा.

आईची अडचण निराळी होती. शेजारची कुणी आली की मला हाक मारायची आणि मग तिच्या लक्षात यायचं. "ती कामात हाय," ती दबक्या आवाजात सांगायची. "कामात? मला तर बोलण्याचा आवाज येतोय," शेजारीण म्हणायची. खरंच होतं. आमचं काम म्हणजे बोलणंच असायचं. गिरणीवर जाणं, गॅस सिलिंडर उतरवून घेणं, दुधाचा हिशेब, पाहुण्यांचा चहा, सगळं हळूहळू माझ्याकडे सरकलं. कारण मी घरीच तर होते. घरच्यांना मी दिवसभर मोकळी दिसायचे आणि कंपनीला चोवीस तास हजर. खरं तर दोघांनाही मी पुरत नव्हते.

हंगामाचे दिवस सगळ्यांत वाईट. आमची इंटरनेटची केबल रस्त्याकडेच्या खांबांवरून आलेली. उसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली खालून गेली की वरच्या मोळ्यांत केबल अडकायची आणि ट्रॅक्टर ती ओढत न्यायचा. ड्रायव्हरला पत्ताच नसायचा. त्याच्या टेपवर गाणं जोरात लागलेलं असायचं. इकडे माडीवर निखिलचं तोंड अर्धं उघडं राहून गोठायचं. मग मी मोबाइल आणि लॅपटॉप घेऊन विहिरीकडच्या चढावर पळायचे. तिथं रेंज धरायची. बांधावर बसून, डोक्यावर ओढणी घेऊन मी साताऱ्याकडच्या कुणा डॉक्टरांना सांगायचे, "सर, आमची टीम बघतेय." टीम म्हणजे सागर. आणि पलीकडच्या फडात ऊसतोडीच्या बाया वाकून कोयता चालवत असायच्या. त्या मधेच कंबर सरळ करून माझ्याकडे बघायच्या. त्यांच्याकडे पाहून मला दमल्याची लाज वाटायची. दिवसभर बसून असणाऱ्या माणसानं कुणाला सांगावं की मी दमलेय?

रोज सकाळी सगळ्यांचा एकत्र कॉल असायचा. निखिल विचारायचा, कसे आहात. आम्ही एकामागून एक म्हणायचो, मस्त. स्क्रीनवर पाच चौकटी, त्याचा धरून पाच मस्त. मग कामं वाटली जायची. माणसं पाच आणि कामं पंधरा जणांची, पण निखिलला नाही म्हणवत नसे, कारण तो स्वतः सगळ्यांत जास्त राबायचा. वाईट मालकावर राग तरी काढता येतो.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी सागरची चौकट दिसली नाही. वीज गेली असेल, असं आम्ही धरून चाललो. दुपारी मी फोन केला, तर बंद. मंगळवारीही बंद. बुधवारी दवाखान्यांचे मेसेज जायचे थांबले. बंद पडलेली गोष्ट सागरच चालू करायचा आणि तिचा पासवर्ड त्याच्याचकडे होता. माझा फोन खाली ठेवायची सोय उरली नाही. बीडकडच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई चिडून म्हणाल्या, "लसीकरणाची मुलं आलीच नाहीत आज. तुमच्या भरवशावर बसलो ना आम्ही."

संध्याकाळी निखिलचा फोन आला. "मनीषा, लोणी भापकर तुझ्यापासून किती लांब आहे?"

"बारामतीच्या पलीकडं. तास-दीड तास."

"जाशील का? कुणालाच त्याचं काही माहीत नाही गं. लॅपटॉप पाठवला होता तो पत्ता आहे फक्त." तो थांबला. मग म्हणाला, "तो बरा आहे का बघ. आणि बरा असला तर पासवर्ड."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा बरोबर आले. गाडी तेच चालवत होते. बारामतीपर्यंत रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. बारामती ओलांडून मोरगावच्या रस्त्याला लागलो आणि ऊस मागं पडत गेला. उघडं माळरान दिसायला लागलं, मधेच एखादी बागायत पट्टी, कांदा, वांगी. वाटेत माझ्या मनात नको नको ते येत होतं. दोन वर्षं ज्याचा आवाज रोज कानात असतो, त्याच्या घरी कोण कोण आहे हेही आपल्याला माहीत नाही, याचं मला त्या रस्त्यावर पहिल्यांदा आश्चर्य वाटलं. त्याचं लग्न झालंय का, हेसुद्धा मी कधी विचारलेलं नव्हतं. विचारायला वेळ कुठं होता, असं मी स्वतःलाच सांगत होते.

घर सापडलं. दारात त्याची आई तूर निवडत बसली होती. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिनं घाईघाईनं सूप बाजूला सारलं.

"बरं झालं तुमी आला. मळ्यात हाय त्यो. वांगी तोडतोय." मग हलक्या आवाजात म्हणाली, "बोलत न्हाय कुणाशी. जेवतो, झोपतो, मळ्यात जातो. मला वाटलं नोकरी गेली."

"न्हाय काकू, नोकरी हाय."

"मग काय झालं ओ? दिवसभर हितंच तर असायचा दार लावून. दाराआड काय होतंय, मला कसं कळावं?" तिनं पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि विचारलं, "लई अवघड असतंय का तुमचं काम?"

"अवघड न्हाय," मी म्हटलं. "संपत न्हाय."

तिनं मान तेवढी हलवली आणि आम्हाला मळ्यात घेऊन गेली.

सागर वांग्यांच्या सरीत उभा होता. मी त्याला ओळखलं ते चेहऱ्यावरून नाही, मान तिरकी करून बघायच्या सवयीवरून. तो इतका उंच असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. चौकटीत सगळेच सारखे दिसतात. त्यानं हात पँटला पुसले, आबांना वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाला, "या. तुमी कशाला तरास घेतला."

कॉलवर आम्ही एकमेकांना अरेतुरे करायचो. कंपनीची तशी रीतच होती. इथं, मळ्यात, आईसमोर आणि आबांसमोर, मी 'तुमी' झाले. मलाही 'सागर' एवढीच हाक मारायला जीभ रेटेना. आबांनी ते ओळखलं की काय कोण जाणे. त्यांनी एक पाटी उचलली, "मी ह्या कडंनं धरतो," म्हणाले आणि दुसऱ्या सरीत जाऊन वांगी तोडायला लागले. त्याची आई चहा टाकायला घरात गेली. मग तो हळूच म्हणाला, "निखिलनं पाठवलं ना तुला?"

"व्हय."

"मला बघायला का पासवर्डला?"

"दोन्हीला."

तो हसला. मोकळं हसला. दोन वर्षांत त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. "खरं बोललीस," तो म्हणाला.

आम्ही बांधावर बसलो. त्यानं सांगितलं ते सरळ, काही न रंगवता. "सोमवारी आंघोळ केली, चहा घेतला, टेबलाशी बसलो. झाकण उघडायचं म्हणून हात पुढं केला आणि तसाच बसून राह्यलो. आई जेवायला बोलवायला आली तवा कळलं, दुपार झालीय."

"मग?"

"मग फोन वाजायला लागला. बंद केला. बंद केल्यावर बरं वाटलं. आणि इतकं बरं वाटलं की भ्या वाटलं."

मी म्हटलं, "सांगायचं होतंस आम्हाला."

"काय सांगणार? ताप न्हाय, मोडलेलं न्हाय कुठं. रोज सकाळी तो इचारायचाच की. मी म्हणायचो मस्त." माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "तू पण मस्तच म्हणायचीस."

समोर आबा वांग्याचं देठ पिळून तोडत होते, मोठी-लहान वेगळी टाकत होते. ऊन चढत होतं. पाटाला पाणी सुटलं होतं आणि त्याचा आवाज येत होता. मला तिथून उठूच नये असं वाटलं.

पासवर्ड त्यानं आपणहून सांगितला. मी माझा फोन पुढं केला, तर त्यानं हात मागं घेतला. "तूच लिही," म्हणाला. मोठं अक्षर कुठलं, छोटं कुठलं, नीट थांबून थांबून सांगत गेला, जसं एखाद्याला औषधं समजावून सांगतात. मग म्हणाला, "चालू झालं की पेशंटना माफीचा एक मेसेज टाक. मुलांच्या लसीचं राहिलं असंल." फोन बंद करून बसलेल्या या माणसाला ते आठवत होतं.

"परत येशील?" मी विचारलं.

"हिथनं उठून तिथं बसायचं, एवढंच तर हाय," तो म्हणाला. "पण न्हाय जमायचं आता."

निघताना त्याच्या आईनं वांग्यांची पिशवी गाडीत ठेवली. मोरगाव रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवरून मी निखिलला फोन केला. त्यानं पासवर्ड नाही विचारला आधी. "कसा आहे तो?" म्हणाला. मी पाहिलं ते सगळं सांगितलं. मागं बंगळुरूचे हॉर्न ऐकू येत होते. "घेऊ दे त्याला हवे तितके दिवस," तो म्हणाला. मग, "मला पण कधी कधी..." आणि त्यानं वाक्य सोडून दिलं. मी ते उचललं नाही. मी पासवर्ड सांगितला, त्यानं लिहून घेतला, आणि घरी पोचेपर्यंत मेसेज पुन्हा जायला लागले होते.

परतीला बारामतीच्या अलीकडे आमच्यापुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर लागला. रस्ता मोकळा होता तरी आबांनी त्याला ओलांडलं नाही. त्याच्या मागं हळूहळू चालत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पोरगं आजारी हाय?"

"व्हय."

"ताप?"

"ताप न्हाय."

ट्रॉलीतून एक ऊस घसरून रस्त्यावर पडला. आबांनी गाडी बाजूनं काढली. मग समोर बघतच विचारलं, "तू बी?"

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. नाही म्हणणं सोपं होतं, तोंडावर आलंही होतं. "थोडी," मी म्हटलं.

आबांनी गिअर बदलला. "आमाला वाटलं," ते म्हणाले, "घरी हाय म्हंजे बरी हाय."

त्यानंतर ते या विषयावर कधी बोलले नाहीत. पण दिवस मावळायला आला की जिना चढून माडीच्या दारात उभे राहायचे. "चल, मोटर बंद करून येऊ." त्यांना एकट्याला जाता येत नव्हतं असं नाही. मी कॉलवर असले तर ते थांबायचे, खांबाला टेकून, चप्पल न काढता. शेवटी मीच सगळ्यांना सांगायला लागले, माझी निघायची वेळ झाली. पहिल्या दिवशी ते म्हणायला जड गेलं. पुढं जमत गेलं. विहिरीपर्यंतचा तो रस्ता कारखान्याच्या धुराच्या बाजूनं जातो. आम्ही फार बोलायचो नाही. आबा एखाद्या उसाचं पान उलटून बघायचे, मी त्यांच्या पावलात पाऊल टाकत चालायचे.

हे लिहिताना त्या वर्षात आणि आजच्यात किती अंतर आहे ते चाचपते आहे. आज मी दुसऱ्या कंपनीत आहे, पुन्हा घरूनच. माणसं जास्त आहेत, कामाला वेळ आहे, तरी सकाळी झाकणाला हात लावण्याआधी मी क्षणभर थांबते. सागर बारामतीत एका कारखान्याच्या संगणक विभागात जातो. मोटारसायकलवर जातो आणि येतो. मध्यंतरी फोनवर म्हणाला, "जायला-यायला रस्ता लागतो, तेवढंच बरं हाय." थकवा गेला असं आम्ही दोघंही म्हणत नाही. आता तो लपवत नाही, इतकंच.

आणि निखिल. त्या हंगामाच्या शेवटाला, कारखाना थांबायच्या बेतात असताना, त्याचा मला आणि सागरला निरोप आला की तो आम्हाला भेटायला येतोय. निखिलशी आमची ती पहिली भेट. तो सकाळच्या गाडीनं भिगवणला उतरला. पाठीवर एक पिशवी, दाढी वाढलेली, स्क्रीनवर दिसायचा त्यापेक्षा लहान आणि बारीक. सागर मोटारसायकलवरून आला होता. तिघं स्टेशनबाहेर उभे राहिलो आणि कुणालाच काही सुचेना. शेवटी मीच म्हटलं, पाण्याकडं जाऊ.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर नाव केली. रोहित पक्षी अजून होते. चिखलात माना खाली घालून, वर न बघता चरत होते. नाववाला त्यांच्याविषयी सांगत होता आणि निखिल ऐकत असल्यासारखा दिसत होता. मग नाववाल्याचं बोलणं संपल्यावर तो म्हणाला, "मी बंद करतोय. या महिन्याच्या अखेरीला. फोनवर सांगायचं नव्हतं."

पाण्यावर वल्ह्याचा आवाज येत राहिला. सागरनं विचारलं, "दवाखान्यांचं काय?"

"एक कंपनी घेतेय सगळे. बोललोय मी. त्यांचं काही अडणार नाही."

"मग बरं झालं," सागर म्हणाला.

मला आधी एकदम हलकं वाटलं, डोक्यावरचा भारा कुणीतरी उतरवून घ्यावा तसं. आणि लगेच मनात आलं, पुढच्या महिन्यापासून काय? निखिलकडे पाहिलं तर तो पाण्यात बोटं बुडवून बसला होता. मला त्याला म्हणायचं होतं की तू चांगला होतास. त्या वेळी ते म्हणता आलं नाही. नंतर काठावर उतरताना म्हटलं. तो फक्त "हो का?" म्हणाला, खरंच विचारल्यासारखं.

हायवेजवळच्या एका धाब्यावर मागच्या बाजूला बाजा टाकलेल्या होत्या, लिंबाच्या सावलीत. चिलापी माशाचं कालवण आलं, भाकरी आली. निखिल भुकेल्या माणसासारखा जेवला. हात धुऊन आला, बाजेवर टेकला आणि सागरला त्याच्या मळ्याचं काही विचारायला लागला. वांगी वर्षभर येतात का, असं काहीतरी. सागर उत्तर देत होता. उत्तर अर्ध्यावर आलं तेव्हा आमच्या लक्षात आलं की तो झोपलाय. तोंड थोडं उघडं, एक पाय बाजेखाली लोंबकळलेला.

वाढपी आला. "पाव्हणं आजारी हायती का?"

"न्हाय," सागर म्हणाला. "दमल्यात."

"उठवायचं का? गिऱ्हाईक हाय."

"आमी उठतो की," सागर म्हणाला. "त्यांना ऱ्हाऊ द्या."

आमच्या बाजा आम्ही सोडल्या आणि कडेच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. निखिलचा फोन उशाशी थरथरत होता. सागरनं जाऊन तो बंद केला आणि पालथा ठेवला. ऊन सरकत सरकत निखिलच्या गुडघ्यापर्यंत आलं, मग छातीवर, मग गळ्याशी. सागरनं माझ्याकडे पाहिलं. आम्ही उठलो. त्यानं डोक्याकडून धरलं, मी पायांकडून. बाजेचा सुंभ करकरला. एक एक पाऊल टाकत, धक्का न लागू देता, आम्ही त्या झोपलेल्या माणसासकट बाज उचलून सावलीत नेऊन ठेवली.

तो जागा झाला नाही.